दाजींचं शून्य

आमच्या धंद्यात कुणाला चक्कर येत नाही. ऊन लागतं, पित्त खवळतं, झोप झालेली नसते, उपाशीपोटी नुसता चहा झालेला असतो. पण चक्कर? छे, नावच काढायचं नाही! आम्ही उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे लोक. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, त्यांना लांब फळी टांगायची, फळीच्या दोन टोकांना दोघांनी बसायचं आणि आपापल्या कप्पीचा दोर ओढत वर जायचं. मग रंगवत रंगवत खाली. याला आम्ही झुला म्हणतो. झुल्यावरचा माणूस एकदा का ‘मला गरगरलं’ म्हणाला, की ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या ठेकेदारांना कळते. मग त्याच्या नशिबी जन्मभर फाटकं आणि जिन्यांचे कठडे. शिवाय त्याच्याबरोबर बसायला कुणी धजत नाही, कारण एका टोकाचा माणूस ढिला पडला की फळी तिरपी होते आणि दुसऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. कमरेला पट्टा असतो, त्यामुळे काही होत नाही, असं ठेकेदार सांगतो. तो स्वतः कधी वर आलेला नाही.

माझ्या समोरच्या टोकाला दाजी बसायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यात मला त्यांनीच आणलं. उंच, सडपातळ, बोलायला तिखट आणि हाताला इतके साफ, की खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी न लावता कड मारायचे आणि काचेवर रंगाचा ठिपका नाही. मी एकदा विचारलं होतं, ‘दाजी, इतकी धट्टीकट्टी माणसं सोडून मला का जोडीला घेतलंत?’ तर म्हणाले, ‘तू भित्रा आहेस म्हणून. भित्रा माणूस गाठ दोनदा बघतो.’ आता हे कौतुक समजायचं की अपमान, ते मला अजून कळलेलं नाही. पण खरं होतं. मी गाठ दोनदा नाही, चारदा बघतो, आणि फळी जमिनीवरून सुटली की माझ्या पोटात रोज गोळा येतो. तो मी गिळतो आणि ब्रश हातात घेतो. ते कधी कुणाला सांगितलं नाही, अन् कुणी विचारलंही नाही.

अशी आमची जोडी वर्षानुवर्षं चालली होती. मग एका सकाळी ताईचा फोन आला. ‘लवकर ये रे, हे पलंगाचा पाय धरून जमिनीवर पडलेत आणि सोडत नाहीयेत.’

मी चपला न घालताच पळालो. दाजी फरशीवर कुशीवर आडवे, दोन्ही हातांनी पलंगाचा पाय घट्ट धरलेला, शेजारी ओकारीची बादली. त्यांचे डोळे एका बाजूला सरकत होते आणि झटक्यानं परत येत होते, परत सरकत होते. मी म्हटलं, संपलं. झटका आला, अर्धांगवायू झाला, काय वाटेल ते डोक्यात आलं. मी त्यांचा हात सोडवायला गेलो तर ओरडले, ‘सोडू नकोस! खोली उलटतेय!’

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोक्याचे फोटो काढले. आधीच्या आठवड्यात दाजींना सर्दी-ताप झाला होता, त्यातून एका कानाच्या आतली तोल सांभाळणारी नस सुजली होती. ऐकायला नीट येत होतं, बोलणं नीट होतं, हातपाय धड होते. डॉक्टर म्हणाले, ‘काळजी करू नका, यांच्या डोक्यात काही नाही.’

‘ते मला लग्नापासून माहीत आहे,’ ताई म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

खोली उलटायची थांबली, ती थोड्या दिवसांत. पण जग पूर्वीसारखं जागेवर बसलं नाही. दाजी सांगायचे, ‘मी मान वळवली की भिंत माझ्या मागून येते. उशिरा. नवीन कामगारासारखी.’ भिंतीला हात लावल्याशिवाय त्यांना मोरीपर्यंत जाता येईना. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली, मान वळवायचीच नाही. छाती पुढे, हनुवटी सरळ, बाजूला बघायचं तर अख्खा माणूस वळायचा. आणि घरानं ती युक्ती उचलून धरली. ताईनं त्यांचा टॉवेल, चष्मा, पाण्याचा तांब्या सगळं त्यांच्या नाकासमोर आणून ठेवलं. घरात नियमच झाला, दाजींना मागून किंवा बाजूनं हाक मारायची नाही. आधी समोर जाऊन उभं राहायचं आणि मग बोलायचं. शेजारचे आले तरी ताई त्यांना धरून दाजींच्या समोर उभं करायची. दाजी राजासारखे खुर्चीत बसलेले आणि एकेक जण पुढे येऊन हजेरी लावतोय, असा थाट. मला हसू यायचं आणि त्याच वेळी रडूही. कामावर आम्ही ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं की दाजींना तापानं अशक्तपणा आलाय. बाकी ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. मी दाजींच्या दंडाला धरून घेऊन गेलो. मला वाटलं होतं, पायाला वजनं बांधतील, शेक देतील. तिथली खोली लांबट, एका भिंतीला पकडायला दांडा, जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवलेली, कोपऱ्यात जाड स्पंजच्या गाद्या. मॅडम तरुण होत्या, बोलणं मऊ पण नजर पक्की. त्यांनी दाजींना खुर्चीत बसवलं, समोर बसल्या, त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या नाकाकडे बघत राहा, काहीही झालं तरी.’ आणि मान एकदम थोडीशी वळवली. एका बाजूला ठीक. दुसऱ्या बाजूला वळवली की दाजींची नजर नाकावरून सटकायची आणि मागाहून धावत परत यायची. मलाही दिसलं ते.

‘दोन्ही कानांच्या नसा मेंदूला सांगत असतात, डोकं कुठे चाललंय,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुमची एक नस आता हळू बोलते. मेंदूला या नव्या बोलण्याची सवय करून घ्यावी लागेल. ती सवय गोळीनं होत नाही आणि झोपूनही होत नाही. डोकं हलवायचं, थोडं गरगरू द्यायचं, ते शांत झालं की परत हलवायचं.’

‘म्हणजे गरगरायचं मुद्दाम?’ मी विचारलं.

‘थोडंसं. तेच औषध. घरी मान सरळ ठेवून बसत असतील ना हे?’

मी ताईचे सगळे नियम सांगितले. मॅडमनी कपाळाला हात लावला. ‘प्रेमानं केलंत सगळं, पण त्यांच्या मेंदूला शिकायची संधीच ठेवली नाहीत. आजपासून उलट करा. डावीकडून हाक मारा, उजवीकडून मारा, मागून मारा.’

‘आणि एक महत्त्वाचं,’ त्या दाजींना म्हणाल्या. ‘किती गरगरलं ते मला बाहेरून दिसत नाही. ते फक्त तुम्हाला कळतं. प्रत्येक व्यायामानंतर मी विचारीन, किती? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे पहिल्या दिवसासारखं. मला तीन-चारच्या आसपास हवंय. कमी असेल तर मी वाढवीन, जास्त असेल तर कमी करीन. तुमच्या आकड्यावर माझं सगळं चालतं.’

त्यांनी भिंतीवर एक ठळक अक्षर चिकटवलं. अक्षरावरची नजर न हलवता मान ‘नाही, नाही’ अशी हलवायची, अक्षर स्पष्ट दिसत राहिलं पाहिजे. दाजींनी सुरू केलं. थोड्याच वेळात त्यांचे कान पांढरे पडले. वरच्या ओठावर घाम आला. खुर्चीची कड त्यांनी अशी धरली होती की बोटांची टोकं पिवळी झाली होती.

‘थांबा. किती?’

‘शून्य,’ दाजी म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. ‘शून्य? नक्की?’

‘नक्की.’

 दाजींनी माझ्याकडे एक नजर टाकली. झुल्यावर मी रंग सांडला की ते जशी टाकायचे, अगदी तशीच. मी भिंतीवरच्या अक्षराकडे बघायला लागलो.

आता यातली गंमत बघा. शून्य म्हटलं म्हणजे व्यायाम सोपा पडला. मग मॅडम वेग वाढवणार. वेग वाढला की दाजी आणखी पांढरे, आणि परत शून्य. मग मॅडम आणखी पुढे नेणार. बैठकीवरून उभं केलं. उभ्यावरून स्पंजच्या गादीवर. गादीवर डोळे मिटून. मग पांढऱ्या पट्टीवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायचं आणि चालताना मान डावी-उजवी. मी मागे हात पसरून उभा. ‘किती?’ ‘शून्य.’ बाहेर आलो की दाजी स्कूटर लावायच्या जागेपाठी जाऊन भडाभडा ओकायचे. मी पाठ चोळायचो.

‘अहो, मॅडमना खरं सांगा की!’

‘वेडा आहेस का? एकदा आठ म्हटलं की मी आठवाला माणूस झालो. आज त्यांना कळलं, उद्या ठेकेदाराला कळेल.’

‘कसं कळेल? त्या काय त्याच्या मावशी लागतात?’

‘कळतं. अशा गोष्टी पाय फुटल्यासारख्या जातात,’ दाजी तोंड पुसत म्हणाले. ‘आणि तुझ्या ताईला सांगशील तर याद राख.’

मी एकदा धीर करून मॅडमना म्हटलं, ‘जरा हळू घ्या ना, यांना पित्ताचा त्रास आहे.’ म्हणजे मीसुद्धा तेच केलं, धंद्यातलाच शब्द वापरला. मॅडम म्हणाल्या, ‘पित्ताचं डॉक्टरांना दाखवा.’ संपला विषय. त्या मधूनमधून मान धरून नजर तपासायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ‘डोळे अजून मागे राहतात. पण त्रास होत नाही म्हणताय, म्हणजे मेंदूनं जमवून घेतलं असेल. असं होतं काही जणांचं.’ दाजी लगेच मान डोलवायचे. तीही जपूनच.

घरी ताईनं मॅडमचं ऐकून उलटा धडाका लावला होता. स्वयंपाकघरातून ‘अहो’, गॅलरीतून ‘अहो’, पाठीमागून अचानक ‘अहो’. आणि वर विचारायची, ‘वळलात का? बघू, वळलात का?’ एरवी दाजींनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आता ते निमूट वळायचे आणि वळून झालं की हळूच दाराची चौकट धरायचे. ताईला ती सुधारणा वाटायची. मी चौकटीवरचा हात बघायचो आणि माझं जेवणावरचं लक्ष उडायचं.

इकडे ठेकेदाराला एक उंच इमारत मिळाली होती आणि त्याला आमचीच जोडी हवी होती. मी तोवर जमिनीवरची कामं करत वेळ काढत होतो. दुसऱ्या कुणाबरोबर बसायला माझं मन घेईना. तो रोज विचारायचा, ‘काय, तुझ्या दाजींचा अशक्तपणा गेला का नाही? का मी दुसरी जोडी बघू?’ मी दाजींना हे सांगत नव्हतो, पण त्यांच्या कानावर गेलंच. त्याच आठवड्यात एकदा मला फिजिओथेरपीला त्यांच्याबरोबर जाता आलं नाही. दाजी एकटे गेले आणि शीळ घालत परत आले.

‘मॅडमनी परवानगी दिली.’

‘झुल्याची?’

‘मग काय पाळण्याची? दिली म्हणजे दिली.’

‘झुला म्हणजे काय ते त्यांना सांगितलंत का? किती उंच, कसा हलतो?’

‘मेव्हणे, तुम्ही वकील कधी झालात?’

मला खात्री होती की हे खोटं आहे. म्हणजे, खात्रीच्या जवळ जाणारं काहीतरी होतं. पण दाजी इतक्या दिवसांनी शीळ घालत होते, ताईच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि माणसाला जे हवं असतं ते तो ऐकतो. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो.

मी गाठी पाहिल्या. परत पाहिल्या. दाजींचा पट्टा ओढून पाहिला, तर म्हणाले, ‘बांध की गळ्यालाच.’ फळी सुटली. दाजींचा हात पूर्वीसारखाच चालत होता, दोर ओढ, थांब, ओढ, थांब. पहिला मजला गेला, दुसरा गेला. मी अर्ध्या डोळ्यानं भिंत बघत होतो आणि दीड डोळ्यानं दाजींना. तिसऱ्याच्या वर गेल्यावर मला वाटायला लागलं, अरे, खरंच बरे झाले की! आणि तेवढ्यात दाजींचा दोर कुठेतरी घासल्याचा आवाज झाला आणि काय झालं ते बघायला त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं.

माझं टोक वर गेलं. त्यांचं गेलं नाही. फळी तिरपी झाली आणि रंगाचा डबा त्यांच्याकडे घरंगळत गेला.

‘दाजी?’

 त्यांनी दोर छातीशी धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. फळीवरचा ब्रश खाली पडला. तो पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.  त्यांच्याकडे सरकावं तर फळी आणखी त्या बाजूला कलणार. खाली उतरावं तर मी फक्त माझं टोक उतरवू शकतो, त्यांचं त्यांनीच उतरवायचं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘किती?’

‘शून्य,’ दाजी म्हणाले.

‘दाजी, किती?’

 ‘नऊ,’ ते म्हणाले. ‘नऊ रे. भिंत उलटतेय. मला पकड.’

‘पकडता येत नाही मला इथून. डोळे उघडा. मिटले की जास्त गरगरतं, मॅडमनी सांगितलंय. उघडा म्हणतो ना! समोर प्लास्टरची चीर आहे, ती बघा. फक्त ती. दिसली?’

‘दोन दिसतायत.’

‘त्यातली एक पकडा. कुठलीही. आता दोर हातभर सोडा. हातभरच.’

त्यांनी सोडला. मी थोडा जास्त सोडला. फळी इंचभर सरळ झाली. ‘चीर वर गेली,’ दाजी लहान मुलासारखे म्हणाले. ‘जाऊ दे गेली तर. तिच्याखाली रंगाचा ओघळ आहे, तो बघा. मान नका हलवू. सोडा हातभर.’ असं आम्ही उतरलो. एक चीर, एक ओघळ, एक खिळा, एक खिडकीची कडी, परत एक चीर. मी माझ्या दोराकडे बघितलंच नाही, माझे हात आपले आपण काम करत होते आणि मी बडबडत होतो. कुणाकुणाच्या शपथा घातल्या, ते आठवत नाही. पाय जमिनीला लागले तरी मी बडबडतच होतो.

ठेकेदार धावत आला. ‘काय रे, काय झालं? मध्येच का उतरलात?’

‘कप्पी अडकली,’ मी म्हटलं. ‘आणि दाजींच्या खांद्यात लचक भरली. आज नाही जमणार.’

तो पुटपुटत गेला. ते काम त्यानं दुसऱ्या जोडीला दिलं. आम्ही इमारतीच्या मागे रंगाच्या रिकाम्या पिंपांवर जाऊन बसलो आणि तिथे मात्र माझा तोल सुटला. मी दाजींना आयुष्यात कधी वर तोंड करून बोललो नव्हतो, त्या दिवशी नको नको ते बोललो. ‘तुम्ही मेला असता! मला मारलं असतंत! ताईला काय सांगणार होतो मी? की तुझ्या नवऱ्याचा आकडा शून्य होता?’

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, ‘खरं सांगितलं असतं तर तू दुसरा जोडीदार घेतला असतास.’

खोटं बोलावंसं वाटलं. पण आता पुरे झालं होतं. ‘घेतला असता,’ मी म्हटलं.

‘हं,’ दाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना, म्हणून मी उठून पाणी आणायला गेलो.

पुढच्या वेळी मॅडमनी परत तेच विचारलं. अक्षराचा व्यायाम झाला होता, वेग नेहमीचा. ‘किती?’

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

‘सात,’ ते म्हणाले.

मॅडमचा चेहरा पडला. ‘आज अचानक? परवा तर शून्य होतं.’

‘परवाही सातच होतं. त्याच्या आधी आठ. बाहेर जाऊन ओकायचो.’

 मॅडम म्हणाल्या, ‘मग इतके दिवस मी कुणावर उपचार करत होते?’ त्या चिडल्या होत्या, पण त्याहून जास्त त्या घाबरल्या होत्या. मी झुल्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या खालीच बसल्या. ‘मी शिडीच्या दोन पायऱ्या म्हटलं होतं. खाली कुणीतरी धरून!’ दाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. शाळेत शिक्षा झालेला पोरगा दिसावा, तसे दिसत होते.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. परत खुर्ची, परत भिंतीवरचं अक्षर, आणि मान इतकी हळू की बघणाऱ्याला झोप यावी. ‘किती?’ ‘पाच.’ ‘मग आणखी हळू. किती?’ ‘चार.’ ‘हं, आता इथे थांबू.’ दाजींना त्याचा अपमान वाटायचा. इमारती चढणारा-उतरणारा माणूस खुर्चीत बसून नंदीबैलासारखी मान हलवतोय, असं स्वतःच म्हणायचे. पण व्यायाम झाल्यावर त्यांना ओकारी येईना. घरी गेल्यावर जेवायला लागले. चौकटीवरचा हात आधी हलका झाला आणि मग एके दिवशी दिसलाच नाही. घरात आकड्यांचं बोलणं सुरू झालं. दाजी बाहेरून आले की ताई विचारायची, ‘किती?’ आणि दाजींनी जास्त कटकट केली की म्हणायची, ‘माझं डोकं आता नऊवर आहे, गप्प बसा.’ ताईला मी झुल्याची गोष्ट सांगितली नव्हती. ती तिनं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखली असावी, कारण तिनं ती एकदाही विचारली नाही.

आम्ही फाटकं रंगवली, ग्रिल रंगवली, जिन्याचे कठडे रंगवले. दाजी बरे होत होते, आणि मी मात्र बिघडत होतो. त्या दिवसापासून उंच इमारत दिसली की माझ्या तळहाताला घाम फुटायचा. पूर्वीचा पोटातला गोळा गिळता यायचा, आता घशाशीच अडकायचा. झोपेत फळी तिरपी व्हायची. नस माझी ठणठणीत होती, मला कुठला कान दुखत नव्हता, मग कुणाला काय सांगणार? मी म्हटलं, जाईल आपोआप. धंदा आहे, चालायचंच.

शेवटी मॅडमनी स्वतः मला बोलावून सांगितलं. दाजी गादीवर उभे राहून डोळे मिटून मान हलवत होते, पट्टीवर चालता चालता छताकडे बघत होते, शिडी चढले-उतरले होते. ‘पूर्ण शून्य कदाचित कधीच होणार नाही. पण आता आलेलं लगेच जातं आणि ते खरं सांगतात. सुरुवातीला कमी उंचीवर जा. वर जायच्या आधी रोज विचारा.’

ठेकेदाराकडे तीन मजल्यांची एक इमारत होती. त्याला अजूनही लचकेचीच गोष्ट माहीत होती. सकाळी पोहोचलो. दोर सुटले होते, फळी जमिनीवर तयार होती, ठेकेदार पलीकडे कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मी गाठी बघितल्या आणि दाजींना विचारलं, ‘किती?’

दाजींनी मान वर केली, गच्चीकडे बघितलं, खाली आणली, डावीकडे, उजवीकडे. थोडं थांबले. ‘दोन,’ म्हणाले. ‘वर बघितलं की दोन, मग जातं.’

माझा विश्वास बसला. शून्य म्हणाले असते तर मी फळीवर पाय ठेवला नसता. मी त्यांच्या पट्ट्याची गाठ मारली, मग माझा पट्टा कमरेला आवळला आणि फळीच्या माझ्या टोकाशी गेलो.

‘आणि तुझं?’ दाजींनी विचारलं.

‘माझं काय?’

‘किती?’

‘मला काय झालंय? मला कुठे नस सुजलीय?’

‘ते विचारलं नाही मी. किती?’

मी हसायचा प्रयत्न केला. माझ्या हातातला दोर ओला झाला होता. इतकी वर्षं या टोकाला बसलो, पण हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नव्हतं विचारलं.  ‘आठ,’ मी म्हटलं. ‘दाजी, आठ आहे. त्या दिवसापासून खाली येतच नाहीये.’

 दाजी फळी ओलांडून माझ्या बाजूला आले.

ठेकेदाराचं लक्ष गेलं. ‘काय खलबतं चाललीयेत तिकडे? वर का जात नाही? कुणाला चक्कर-बिक्कर आली की काय?’ आजूबाजूला काम करणारे चार लोक हातातलं काम सोडून बघायला लागले. माझा चेहरा उतरला असणार, कारण त्यातला एक माझ्याकडेच बोट करणार होता.

‘मला,’ दाजी खणखणीत आवाजात म्हणाले. ‘मला गरगरतंय. मला वर जाता येणार नाही.’

आणि ते खाली वाकून माझ्या पट्ट्याची गाठ सोडायला लागले.